वाढणं आपलं, खाणं त्याचं

गेल्या मे महिन्यात आमच्या घरी दोन दिवस अबोला होता. भांडण कशावरून, तर वाटीभर मऊ भातावरून.

लेक, जावई आणि सव्वा वर्षाचा नातू नेदरलँड्सहून सुटीवर आले होते. संगमेश्वर रोड स्थानकावर गाडीतून उतरल्या क्षणापासून आजीने नातवाचा ताबा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गुरगुट्या भात शिजवला, त्यात मेतकूट आणि घरचं साजूक तूप कालवलं, नातवाला कडेवर घेतलं आणि ती अंगणात निघाली. आमच्याकडे लहान मूल जेवतं ते अंगणात. शेजारची कोंबडी दाखवायची, आंब्यावरचा कावळा दाखवायचा, गोठ्यातल्या वासराला हाक मारायची आणि आश्चर्याने तोंड उघडलं की घास आत सरकवायचा. माझी तिन्ही भावंडं अशीच वाढली, मीही वाढलो, आणि आज ज्या लेकीवरून हे सांगतोय तीही अशीच वाढली.

तीच लेक मागोमाग ओटीवर आली. म्हणाली, "आई, त्याला खाली बसव. तो आपल्या हाताने खातो."

सतरंजी अंथरली गेली. नातवासमोर ताटलीत थोडा भात, उकडलेल्या बटाट्याची फोड, केळ्याचे दोन तुकडे. त्याने निम्मं तोंडात घातलं, उरलेल्यातलं थोडं केसांना लावलं, थोडं सतरंजीला. पाच-सात मिनिटांनी त्याने ताटलीकडे पाठ केली. लेकीने शांतपणे ताटली उचलली.

"अगं, चार घाससुद्धा पोटात गेले नाहीत!"

"त्याला नकोय, आई."

"एवढ्याशा पोराला काय कळतंय?"

"पोट त्याचं आहे. त्याला नाही कळणार तर कुणाला?"

त्यानंतर मायलेकींचं बोलणं माझ्यामार्फत होऊ लागलं. "आईला विचारा, चहा घेणार का?" "तिला सांगा, ठेव म्हणावं." मी दोन्हीकडचे निरोप इमानेइतबारे पोचवत होतो आणि मनाशी म्हणत होतो, की हे भांडण आपल्या ओटीवरचं नाही. ते याहून फार मोठ्या चौकांत झालेलं आहे.

वाचकांना नॉर्वेमधलं प्रकरण आठवत असेल. २०११ सालच्या मे महिन्यात स्टावांगर शहरात राहणाऱ्या एका बंगाली दांपत्याची दोन लहान मुलं तिथल्या बालकल्याण यंत्रणेने ताब्यात घेतली. थोरला तीनएक वर्षांचा, धाकटी तान्ही. आईवडिलांचं म्हणणं असं होतं, की आई मुलांना हाताने भरवते, मुलगा वडिलांजवळ झोपतो, अशा गोष्टींवर तिथल्या अधिकाऱ्यांनी बोट ठेवलं. भारतात एकच गहजब झाला. परराष्ट्र मंत्रालय मध्ये पडलं. एप्रिल २०१२ मध्ये मुलं काकांच्या हवाली होऊन भारतात आली आणि २०१३ च्या जानेवारीत कोलकाता उच्च न्यायालयाने त्यांचा ताबा आईकडे दिला. २०२३ साली या घटनेवर 'मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे' हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा नॉर्वेच्या राजदूतांनी जाहीर लेख लिहून सांगितलं, की हाताने भरवणं किंवा मुलाला जवळ घेऊन झोपणं हे आमच्याकडे मुलं काढून घेण्याचं कारण कधीच नसतं. तिथल्या गोपनीयतेच्या नियमांमुळे यंत्रणेची पूर्ण बाजू लोकांसमोर आली नाही, त्यामुळे त्या घरात नेमकं काय घडलं याचा निवाडा तुम्ही-आम्ही करू नये हे बरं.

पण आपण त्या वेळी काय केलं, ते मात्र पाहण्यासारखं आहे. आपण चिडलो आणि चिडणं साहजिक होतं. आईच्या हाताचा घास हा गुन्हा ठरतो म्हणजे काय! वर्तमानपत्रांची पानं, चहाच्या टपऱ्या, बँकेतली जेवणाची सुटी, सगळीकडे एकच सूर. त्या सुरात मीही होतो. मात्र घास भरवण्याची बाजू घेता घेता आपण आणखी एका गोष्टीची बाजू घेतली आणि ती आपल्या लक्षातही आली नाही. भरवण्याच्या पोटात आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक हात आणि दुसरा हट्ट. हाताबद्दल कुणी काही म्हणण्याचं कारण नाही. हट्टाबद्दल मात्र आपण कधी आपसात बोललोच नाही.

हाताबद्दल काही म्हणण्याचं कारण नाही, हे मी अभिमानापोटी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली सहा महिन्यांनंतरच्या बाळाच्या आहारासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली, त्यांत एक तत्त्व फक्त भरवण्याच्या पद्धतीविषयी आहे. त्याचा मथितार्थ असा: तान्ह्याला मोठ्यांनी स्वतः भरवावं, जरा मोठ्या मुलाला खाताना मदत करावी. सावकाश, धीराने भरवावं. भरवताना त्याच्याशी बोलावं, त्याच्या डोळ्यांत पाहावं. खाण्याचं प्रोत्साहन द्यावं, पण जबरदस्ती करू नये. जेवताना त्याचं लक्ष उडेल अशा गोष्टी शक्य तितक्या दूर ठेवाव्यात.

ही यादी मी त्या अबोल्याच्या दुसऱ्या दिवशी मायलेकींना, अर्थात स्वतंत्रपणे, वाचून दाखवली. पहिला अर्धा भाग ऐकून आजी खूश झाली. दुसरा अर्धा ऐकून लेक खूश झाली. दोघींनी आपापला अर्धा उचलला आणि भांडण जिथल्या तिथे राहिलं.

लेकीने ज्या पुस्तकातून हे घेतलं असेल त्याचं मूळ तसं जुनं आहे. अमेरिकेत क्लारा डेव्हिस नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९२० च्या दशकात एक प्रयोग सुरू केला. नुकतंच अंगावरून तोडलेल्या १५ बाळांसमोर दर जेवणाला निरनिराळे साधे पदार्थ मांडून ठेवायचे: दूध, अंडी, मांस, फळं, भाज्या, धान्यं. परिचारिकेने चमचा घेऊन गप्प बसायचं. बाळाने बोट दाखवलं तर घास द्यायचा, नाही तर नाही. आग्रह नाही, कौतुक नाही, रागावणं नाही. १९३९ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. एकेका वेळचं जेवण पाहिलं तर मुलं तऱ्हेवाईक वाटत. आज नुसती केळी, उद्या नुसती अंडी. महिन्यांचा हिशेब मांडला तर सगळी धष्टपुष्ट झालेली. मुडदूस झालेल्या एका बाळाने समोर ठेवलेलं कॉड माशाचं तेल, जे मोठी माणसं नाक दाबून घेतात, ते बरं होईपर्यंत आपण होऊन घेतलं.

यावरून 'मुलाला सगळं कळतं' असा अर्थ काढणारे पुष्कळ निघाले. पण डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगून ठेवलं होतं, की यातली खरी खोच पदार्थांच्या निवडीत आहे. मुलांपुढे साखर नव्हती, मिठाई नव्हती, डबाबंद काही नव्हतं. जे मांडलं ते सगळंच कसदार होतं. म्हणजे काय मांडायचं ते मोठ्यांनी ठरवलं आणि त्यातलं किती घ्यायचं ते मुलांनी. पुढे १९८० च्या दशकात एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी हीच विभागणी पालकांसाठी सोप्या शब्दांत बांधून दिली. काय, केव्हा आणि कुठे हे पालकांनी पाहायचं; खायचं की नाही आणि किती, हे मुलाने.

मला यात नवल वाटलं ते आपल्या भाषेचं. मराठीत या दोन कामांना दोन वेगळी क्रियापदं आधीपासून आहेत. वाढणं आणि खाणं. पंगतीत आपण पाहुण्याला वाढतो, आग्रहही करतो, पण पानावर त्याने आडवा हात धरला की थांबतो. तो आडवा हात न पाळणारा यजमान अडाणी समजला जातो. हा संस्कार आपल्याकडे इतका मुरलेला आहे, की शत्रूच्या पानावरही आपण तो पाळू. फक्त घरातल्या सव्वा वर्षाच्या माणसाने तोंड फिरवलं तर तो आडवा हात आहे हे आपल्याला दिसत नाही. तिथे आपण वाढण्याचं काम सोडून त्याचं खाण्याचं कामही अंगावर घेतो.

हा हट्ट आला कुठून? तो आजीच्या अंगचा दोष नव्हे. १९७१ साली देशात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती. २०२० पर्यंत हा आकडा २८ वर आला आणि महाराष्ट्रात १६ वर. आज सत्तरीत-ऐंशीत असलेल्या बायांनी पहिला आकडा घरात पाहिलेला आहे. माझ्या आईची दोन मुलं माझ्याआधी गेली. त्यामुळे माझा प्रत्येक घास तिने मोजला. 'बाळसं' हा शब्द तिच्या तोंडी देवाच्या नावासारखा यायचा. मूल गुटगुटीत असणं म्हणजे पुढचा तापाचा हल्ला ते झेलेल, एवढा साधा तो हिशेब होता. आलेल्या बाईने "बाळ छान धरलंय हो" म्हटलं, की आई खूश व्हायची आणि संध्याकाळी मीठमोहऱ्या घेऊन दृष्टही काढायची. तो हट्ट म्हणजे भीती होती आणि त्या काळी ती भीती खोटी नव्हती.

आता लस आहे, दवाखाना आहे, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी आहे. भीतीचं कारण बरंच ओसरलं, हट्ट मात्र राहिला. एवढंच नव्हे, त्याने नवं साधनही शोधलं. गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या घरात जाऊन पाहा. मुलासमोर मोबाइल टेकवून ठेवलेला असतो, त्यात रंगीत बाहुल्या नाचत असतात आणि आई यंत्रवत घास भरवत असते. लेकीने मला विचारलं, "कावळा दाखवणं आणि मोबाइल दाखवणं यात फरक काय, बाबा?" प्रश्न रास्त होता. मूल फसवून खाऊ घालणं दोन्हीकडे आहेच. पण कावळा दाखवणारी आजी मुलाच्या तोंडाकडे पाहत असते, त्याच्याशी बोलत असते. घास तोंडात घोळायला लागला, की तिला कळतं. मोबाइलपुढे मूल पडद्याकडे पाहतं आणि आई घड्याळाकडे. तिथे आडवा हात धरला तरी पाहायला कुणी नसतं. माझं हे उत्तर लेकीला निम्मंच पटलं.

आतापर्यंत मी ज्यांच्याविषयी बोललो ती घरं अशी आहेत, की जिथे मुलाला भरवायला माणूस आहे आणि भरवायला ताटात काहीतरी आहे. आमच्या घरापासून शंभर पावलांवर खालची वाडी लागते. तिथे मे महिन्यात रानातून लाकूडफाटा आणायचा असतो आणि जुलैत लावणी असते. चिखलात वाकलेल्या बाईला मुलामागे वाटी घेऊन फिरायला सवड कुठली? तिथलं दीड वर्षाचं पोर ओटीवर एकटं बसून, पितळीतली नाचणीची आंबील किंवा तांदळाची पेज आपल्याच हाताने ओरपतं. जवळ असली तर सहा-सात वर्षांची बहीण. युरोपात आता मुलाने सुरुवातीपासून स्वतःच खावं याची पुस्तकं निघतात आणि ती वाचून सुशिक्षित आया मुलांना तशी सवय लावतात. आमच्या खालच्या वाडीत हे पिढ्यान्पिढ्या चालू आहे. फरक इतकाच, की तिकडच्या मुलासमोर पाच पदार्थ असतात आणि समोर आई बसलेली असते. इकडे समोर पेज असते आणि आई शेतात. कृती तीच, अर्थ उलटा. म्हणून 'त्यांची संस्कृती' आणि 'आपली संस्कृती' असं कुणी बोलू लागलं, की मी जरा सावध होतो. नेदरलँड्स आणि संगमेश्वर यांत जेवढं अंतर आहे, तेवढं कधीकधी एकाच गावच्या दोन वाड्यांत असतं आणि त्याचं नाव संस्कृती नसतं. त्याचं नाव सवड आणि पैसा असं असतं.

हे मला कळायला फार वर्षांपूर्वी एक निमित्त झालं होतं. १९८० च्या दशकात मी एका ग्रामीण शाखेत नवा अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली आम्ही म्हशी, शेळ्या, कोंबड्यांसाठी कर्जं वाटत होतो. वसुलीच्या फेरीत एका घरी गेलो. बाईने कोंबड्या जिवापाड सांभाळल्या होत्या. कोपऱ्यात टोपलीत भाताच्या तुसात अंडी नीट रचून ठेवलेली. दारात दोन मुलं मीठ घातलेली पेज पीत होती. हातपाय काडीसारखे, पोटं पुढे. मी सहज विचारलं, "पोरांना देता की नाही अंडं?" बाई माझ्याकडे पाहून म्हणाली, "मग तुमचा हप्ता कुठनं देऊ, साहेब?" मी हप्त्याची पावती फाडून दिली आणि शाखेत परतल्यावर अहवालात लिहिलं, 'लाभार्थी समाधानकारक, परतफेड नियमित.' त्यात खोटं काहीच नव्हतं. पण तो अहवाल मला आजही आठवतो.

त्या दोन मुलांचं काय झालं ते मला ठाऊक नाही. तशा मुलांचं काय होतं ते आकडे सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, वयाच्या मानाने उंची खुरटलेली पाच वर्षांखालची मुलं महाराष्ट्रात २००५-०६ साली शेकडा ४६ होती. दहा वर्षांत ती ३४.४ वर आली. या काळात राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनने आणि अंगणवाड्यांनी केलेलं काम मोठं आहे. पण पुढच्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, आकडा ३५.२. म्हणजे गाडी अडली. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुलं शेकडा २५.६, चारांत एक. ज्या राज्यात बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडकांनी काम सुरू केलं, 'अंगणवाडी' हा शब्द आणि ती कल्पना अनुताई वाघांसोबत देशाला दिली, त्या राज्याचे हे आकडे आहेत.

आणखी एक आकडा सगळ्या देशाचा. सहा ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आणि पुरेशा प्रकारांचा आहार मिळणारी मुलं शेकडा ११.३. इथे 'गरिबी' म्हणून मोकळं होता येत नाही, कारण सधन घरांतही हा आकडा फारसा वर चढत नाही. त्याचं कारण आपल्या स्वयंपाकघरात आहे. उष्टावण आपण थाटात करतो. मुलाचं सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात, मांडीवर घेऊन, चांदीच्या वाटीतून. त्यानंतर कित्येक महिने बाळाच्या वाटीत काय असतं? वरणाचं पाणी. भाताची पेज. पातळ, पचायला हलकं, आणि म्हणून जवळजवळ निःसत्त्व. डाळ खाली राहते ती मोठ्यांच्या ताटात आणि वरचं पाणी बाळाच्या पोटात. बाळाचं पोट त्याच्या मुठीएवढं असतं. ते पाण्याने भरलं, की त्याने तोंड फिरवलं नाही तरच नवल. मग आपण म्हणतो, मूल जेवत नाही. आग्रह आपण घासांच्या संख्येचा केला. करायला हवा होता तो घासातल्या कसाचा. घट्ट वरण, कुस्करलेला भात, वर तूप, सोबत अंड्याचा बलक किंवा काटे काढलेला मासा, आणि हे ज्यांच्यात चालत नाही त्यांच्याकडे दही, उसळ, शेंगदाण्याचं कूट. यात महाग असं थोडंच आहे.

अंडं आणि मासा म्हटलं, की काही वाचकांच्या कपाळावर आठी आली असेल. आता त्या आठीविषयीच बोलायचं आहे, कारण घरात आजी जे करते तेच गेल्या काही वर्षांत सगळ्या राज्याने केलं.

शाळेतलं दुपारचं जेवण ही सरकारने वाढलेली पंगत आहे. १९९५ साली ही योजना देशभर आली, २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्नच द्या असं बजावलं. तामिळनाडूने १९८९ पासून या जेवणात अंडं द्यायला सुरुवात केली आणि २०१० पासून शाळेच्या पाचही दिवशी ते मुलांना मिळू लागलं. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवलं, की आठवड्यातून एक दिवस पहिली ते आठवीच्या मुलांना अंडं द्यायचं. जे खात नाहीत त्यांना केळं किंवा स्थानिक फळ. एका अंड्यासाठी ५ रुपये. पंगतीच्या रीतीने पाहिलं तर हा निर्णय निर्दोष होता. दोन्ही पदार्थ वाढायचे, ज्याला जे हवं ते त्याने घ्यायचं.

पण विरोध सुरू झाला. शाळा हे पवित्र ठिकाण, तिथे अंडं शिजता कामा नये, असं काही संघटनांनी आणि पालकांनी म्हटलं. त्यांच्या भावना खोट्या होत्या असं मी म्हणणार नाही. मीही अंडं न शिजवणाऱ्या घरात वाढलो आणि नोकरीत फिरताना ते खायला शिकलो. आपल्या मुलाच्या ताटात काय असावं हे ठरवायचा हक्क त्या पालकांना आहेच, आणि केळ्याच्या रूपाने तो मान्यही केलेला होता. जानेवारी २०२४ मध्ये मात्र नवा आदेश निघाला. शाळेतल्या ४० टक्के पालकांचा विरोध असेल तर त्या शाळेत कुणालाच अंडं द्यायचं नाही. कोण खातं आणि कोण खात नाही हे कळावं म्हणून मुलांच्या ओळखपत्रावर लाल आणि हिरवा ठिपका लावायच्याही सूचना आल्या. म्हणजे माझ्या मुलाने खायचं की नाही, इथून प्रश्न निघाला आणि तुमच्या मुलाला वाढायचं की नाही, इथे पोचला. महाराष्ट्रात सुमारे ६० टक्के प्रौढ माणसं सामिष खातात असं २०१४ च्या नमुना नोंदणी पाहणीत दिसलं होतं. साठांच्या मुलांचं ताट चाळीसांच्या आठीवर ठरू लागलं.

शेवटी २०२५ च्या जानेवारीत सरकारने अंड्यासाठीचा निधीच थांबवला. शाळांना द्यायचं असेल तर त्यांनी लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असं सांगण्यात आलं. बातम्यांत खर्चाचा आकडा होता वर्षाला सुमारे ५० कोटींचा.

शेजारच्या कर्नाटकातही २०२१ साली हाच वाद झाला होता. तिथेही काही मठांनी विरोध केला. पण सरकारने अंडं आणि केळं दोन्ही ठेवलं, निवड मुलांवर सोडली, आणि बहुसंख्य मुलांनी अंडं घेतलं. आपल्या सरकारलाही अंड्याचं मोल ठाऊक नाही असं नव्हे. आदिवासी भागातल्या लहान मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळं देणारी अमृत आहार योजना याच राज्याने आखलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन वर्षांखालच्या मुलांना अंडं, मासा, मांस यांपैकी काहीतरी रोज मिळावं असं म्हटलं आहे. माहितीची कमतरता कुठेच नव्हती. आपण मोठी माणसं मुलाच्या ताटावर आपली भांडणं वाढून बसलो, एवढंच झालं.

जुनी सवय म्हणून मी हिशेब मांडून पाहिला. ४० मुलांची शाळा, आठवड्याला एक अंडं, ७ रुपयांना एक धरलं, वर्षाचे ३५ आठवडे. बेरीज ९,८०० रुपये. आमच्याकडे शिमग्याला पालखीसाठी वर्गणी निघते ती याहून कितीतरी अधिक असते. मुंबईकर मंडळ असलेल्या कुठल्याही गावाने मनावर घेतलं तर हे काम एका बैठकीत होईल, आणि ते व्हावं असं मला मनापासून वाटतं. पण याच हिशेबात एक मोठी खोट आहे. ज्या गावाला मुंबईकर मंडळ आहे तिथली मुलं तशीही मासे-अंडी खातात. मेळघाटातल्या आणि नंदुरबारच्या पाड्यांनी लोकसहभाग कुणाकडून मागायचा? जिथे भूक जास्त, तिथेच वर्गणी कमी जमते. म्हणून पंगत सरकारनेच वाढली पाहिजे. वर्गणीवर सण होतात, त्यावर रोजचा स्वयंपाक चालत नाही.

आमच्या घरच्या अबोल्याचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आजीने पुन्हा भात कालवला. या वेळी घट्ट वरण घालून. नातवाला ओटीवर सतरंजीवर बसवलं, ताटली त्याच्यापुढे ठेवली आणि स्वतः समोर पाट घेऊन बसली. त्याने दोन मुठी स्वतः खाल्ल्या, मग कंटाळून तोंड उघडून तिच्याकडे पाहिलं. तिने एक घास भरवला. असं थोडं त्याच्या हाताने, थोडं तिच्या हाताने चाललं. काही वेळाने त्याने मान फिरवली. आजीचा हात वाटीकडे गेला. आत दारात लेक उभी होती. ती काही बोलली नाही. आजीने वाटीतला घास परत मोडला, ताटली उचलली आणि मला म्हणाली, "याचं झालं म्हणे."

दुपारी चार वाजता भूक लागून तो आपणच तिच्या पदराला येऊन चिकटला. उरलेल्या सुटीत त्याचं वजन वाढलं की घटलं ते आम्ही पाहिलं नाही. घरात काटा नाही. अंगणवाडीत आहे. शेजारच्या वाडीतल्या त्याच्याच वयाच्या मुलाला तिथे महिन्याच्या महिन्याला तोलतात आणि आकडा वहीत लिहितात. त्या आकड्याची काळजी आपण आपल्या नातवाच्या घासांइतकी करायला लागलो, तर भरवण्याची आपली परंपरा मोठी आहे, असं मीही छातीठोकपणे म्हणेन.